जगावेगळे लोकोपचार : जमा आणि नावे

(व्याख्यानाचा मजकूर)



'औषधावाचून खोकला गेला' ही म्हण आपण सारे नित्य वापरतो. नको असलेली पीडा आपोआप टळली की समाधानाने हे उद्गार निघतात. परंतु या म्हणीच्या सरळ अर्थाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. खोकला औषधावाचूनही जातो, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. आता समजा, तो जाणारच होता आणि आदल्या दिवशी कोणी गळ्यात ताईत बांधला, तर श्रेय कोणाला मिळेल? अर्थातच ताईताला. जगभरातील विचित्र उपचारांचे पुष्कळसे रहस्य या एका प्रश्नात सामावलेले आहे. म्हणून आजचा विषय थोडा मनोरंजनाचा असला तरी त्याच्या मुळाशी माणसाच्या जीविताचा प्रश्न आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

प्रथम थोडा जगाचा फेरफटका मारू या. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये घशाच्या विकाराने आजारी पडले. त्या काळच्या श्रेष्ठ वैद्यकीय मताप्रमाणे त्यांच्या शरीरातून एका दिवसात वारंवार मिळून सुमारे सव्वादोन लिटर रक्त काढण्यात आले. १४ डिसेंबरच्या रात्री त्यांचे निधन झाले. युरोपातील औषधविक्रेते अठराव्या शतकापर्यंत इजिप्तमधील ममींची पूड औषध म्हणून विकत असत आणि ती घेणारे लोक सुशिक्षित, संपन्न घराण्यांतील असत. इंग्लंडमध्ये गंडमाळेच्या रोग्यांना राजाच्या हस्तस्पर्शाने गुण येतो, अशी समजूत होती. पुढे थोर कोशकार म्हणून गाजलेले सॅम्युअल जॉन्सन यांना बालपणी १७१२ साली याच हेतूने ॲन राणीसमोर नेण्यात आले होते. गुण मात्र आला नाही. तेथेच प्लेगच्या साथीत जिवंत कोंबडीची मागील बाजूची पिसे उपटून ती बाजू रोग्याच्या गाठीवर दाबून धरीत. कोंबडी विष ओढून घेते, अशी त्यामागील कल्पना होती.

हे ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. पण हसण्यापूर्वी आपल्या अंगणात डोकावले पाहिजे. हाच कोंबडीचा उपचार महाराष्ट्रात सर्पदंशावर केला जात असे. दंशाच्या जागी एकामागून एक कोंबड्या लावल्या जात आणि त्या मरून पडल्या की विष उतरले, असे मानले जाई. वास्तविक त्या बिचाऱ्या मुक्या जिवांचा अंत घट्ट दाबून धरल्यामुळे, गुदमरून होत असतो. विषाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. हजारो कोसांचे अंतर असलेल्या, एकमेकांची भाषाही न जाणणाऱ्या दोन समाजांना एकच भ्रम व्हावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. भीती सर्वत्र सारखी असते आणि बुडत्याला काडीचा आधार सर्वत्र सारखाच वाटतो.

याखेरीज आणखी कितीतरी उपचार सर्वपरिचित आहेत. साप चावल्यास कडुनिंबाचा पाला चावायला देणे आणि तो गोड लागला तर विष चढले असे समजणे. विंचू चावल्यास उगाळलेला चिंचोका दंशावर चिकटविणे किंवा आघाड्याची मुळी अंगावरून फिरवून 'विंचू उतरविणे'. कुत्रे चावल्यास जखमेत मिरचीची पूड किंवा चुना भरणे. अशी यादी लांबविता येईल. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले तर त्याला तप्त लोखंडाने डागण्याचा 'डंबा' हा प्रकार आजही अधूनमधून वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतो. हैदराबादेत दरवर्षी जूनमध्ये, मृग लागताना, दम्याचे हजारो रोगी रांगेत उभे राहतात. तेथील बथिनी कुटुंबाने तयार केलेले गुप्त औषध छोट्या जिवंत माशाच्या तोंडात भरून तो मासा रोग्याला गिळावयास लावतात. शाकाहारी मंडळींना तेच औषध गुळातून देण्यात येते. गुळातूनही तेवढाच गुण येत असेल, तर मग माशाचे प्रयोजन काय, असा प्रश्न रांगेतील एखाद्या तरी माणसाच्या मनात आला असेलच.

काविळीचा उपचार तर आबालवृद्धांना ठाऊक आहे. रोग्याच्या गळ्यात किंवा डोक्यावर एक माळ घातली जाते. जसजसे दिवस जातात तसतशी ती वाढत जाते आणि 'कावीळ माळेत उतरली' असे सांगतात. ही माळ ओल्या काड्यांच्या तुकड्यांची, विशिष्ट गाठींनी गुंफलेली असते. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो. तीच माळ एखाद्या खुंटीला अडकविली तरी लांबते. म्हणून काही खुंटीला कावीळ झालेली नसते! दुसरा प्रकार हात धुण्याचा. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळलेला असला, तर निरोगी माणसाच्या हातूनही पाणी तसेच पिवळे निघते.

मग रोगी बरे होतात ते कसे? कारण ते खरोखरच बरे होतात, यात शंका नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा विश्रांती आणि साध्या आहाराने काही आठवड्यांत आपोआप ओसरते. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी सुमारे साठच विषारी आहेत. शिवाय विषारी साप प्रत्येक दंशात पुरेसे विष सोडतोच असे नाही. विंचवाचेही तसेच. बहुसंख्य दंशांत भयंकर वेदना होते, पण ती एका दिवसात निवळते. म्हणजे मांत्रिकाने मंत्र म्हटला काय किंवा न म्हटला काय, त्याच्या दारी आलेल्या रोग्यांपैकी पुष्कळसे बरे होणारच असतात.

येथे व्यापारी समाजाला सहज उमजेल असा एक मुद्दा आहे. प्रत्येक वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. केवळ जमेची बाजू लिहिली आणि नावे टाकलेच नाही, तर कोणतेही दुकान कागदावर नफ्यातच दिसेल. लोकोपचारांची वही अशीच एकतर्फी लिहिलेली असते. बरा झालेला माणूस गावोगाव सांगत फिरतो. ती झाली जमा. जो दगावला तो साक्ष द्यायला येत नाही. त्याच्या नावापुढे 'आयुष्य तेवढेच होते', 'आणायला उशीर केला', 'पथ्य मोडले', 'वाटेत विटाळ झाला' अशी कारणे लिहून रक्कम दुसऱ्याच खात्यावर टाकली जाते. उपायाच्या खात्यावर एक पैही नावे पडत नाही. अशा वहीवर कोणताही हिशेबनीस सही करणार नाही. पण माणसाचा जीव मात्र याच वहीवर विश्वास ठेवून पणाला लावला जातो.

वहीची दुसरी बाजू लिहिणारी माणसे जगात विरळा असतात. पॅरिसमधील वैद्य पिएर लुई यांनी रक्त काढलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांची मोजदाद करून १८३५ साली ती प्रसिद्ध केली आणि शतकानुशतके निर्विवाद मानल्या गेलेल्या त्या उपचाराचा गुण किती तुटपुंजा आहे, हे आकड्यांनी दाखविले. असेच एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. मेढ्याहून महाबळेश्वर गाठून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. त्या महाडची ही हकीकत आहे.

कोकणातील जांभ्या दगडाच्या भूमीत लाल विंचू विपुल आहे. त्याच्या दंशाची वेदना इतकी प्रसिद्ध की संत एकनाथ महाराजांनी काम-क्रोधाला विंचवाचीच उपमा दिली. परंतु वेदना हे त्या दंशाचे केवळ एक रूप. काही रुग्णांना, विशेषतः लहान मुलांना, दंशानंतर दरदरून घाम सुटे, वांत्या होत, हातपाय थंडगार पडत आणि काही तासांत छातीत पाणी भरून मृत्यू येई. १९७६ साली जालना जिल्ह्यातील देहेड गावचा, शेतकरी कुटुंबात जन्मलेला एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. गंभीर विंचूदंश झालेल्या रुग्णांपैकी शेकडा तीस ते चाळीस दगावत असल्याचा तो काळ होता. गावकरी विंचू उतरविणाऱ्याकडे जात आणि तेथे गुण आला नाही म्हणजे मग दवाखान्यात येत. पण दवाखान्यातही नेमका उपाय नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाठ्यपुस्तकांत या विषयावर फारसे काही लिहिलेलेच नव्हते.

डॉ. बावस्करांनी काय केले? त्यांनी वही लिहिली. रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद केली. बरे झाले त्यांची नोंद केली आणि दगावले त्यांचीही केली. त्या नोंदींतून मृत्यूचे खरे कारण उमगले. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा एकदम लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण येतो. त्यांचा याविषयीचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या लंडनच्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे रक्तदाबावर दिली जाणारी 'प्राझोसिन' ही स्वस्त गोळी या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हे ध्यानी घेऊन त्यांनी ती वापरून पाहिली आणि १९८६ साली त्याच नियतकालिकात तो अनुभव मांडला. शेकडा तीस-चाळीसवर असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. तरीही ते थांबले नाहीत. मुंबईच्या हाफकिन संस्थेने विंचवाचे प्रतिविष तयार केल्यावर केवळ गोळी घेणारे ३५ आणि गोळी व प्रतिविष दोन्ही घेणारे ३५ अशा रुग्णांची त्यांनी तुलना केली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्या गटात ३२ निघाले. २०११ साली हा अभ्यास ब्रिटनच्या 'बीएमजे' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरविले.

या हकीकतीतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, स्वतःच्याच उपायाची त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली आणि त्याहून चांगला उपाय निघाला तो स्वीकारला. मांत्रिक आणि संशोधक यांच्यातील भेद पदवीचा नाही, पोशाखाचा नाही आणि भाषेचाही नाही. आपल्या वहीची नावे बाजू उघडी ठेवण्याचे धैर्य आहे की नाही, एवढाच तो भेद आहे.

म्हणूनच लोकांचे सारे ज्ञान टाकाऊ आहे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना वृक्षाची साल ताप उतरविते, हे ज्ञान सतराव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंमार्फत युरोपात पोहोचले. १८२० साली त्या सालीतून क्विनीन वेगळे काढण्यात आले आणि हिवतापाने मरणारे असंख्य जीव वाचले. या वृक्षाच्या लागवडीचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही झाला होता, पण तो यशस्वी झाला नाही. लिंगमळ्याच्या कड्यावरून कोसळणारी वेण्णा पुढे मेढ्याजवळून वाहते. गाईंच्या देवीची लागण झालेल्या गवळणींना माणसांची देवी येत नाही, ही इंग्लंडच्या खेड्यातील समजूत एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली कसोटीस लावली आणि त्यातून लस जन्मली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचली गेली. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. चीनमध्ये तू यूयू या विदुषीने हिवतापावरील दोन हजारांहून अधिक जुने नुस्खे गोळा केले. त्यांतून निवडलेले शेकडो अर्क तपासल्यावर एक वनस्पती कसोटीला उतरली. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात तिचा रस थंड पाण्यात पिळून काढण्यास सांगितले आहे, हे वाचून त्यांनी उष्णता टाळून अर्क काढला. आर्टेमिसिनिन हे औषध त्यातून मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. दोन हजारांतून एक! उरलेल्या नुस्ख्यांवरही कोणा ना कोणाची श्रद्धा होतीच.

आपल्या सांगलीच्या बाजारपेठेचे भूषण असलेली हळद हे घरचेच उदाहरण. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत दोन संशोधकांना देण्यात आले. त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने भारताने त्यास आव्हान दिले. 'आमच्या आजीबाईंना हे ठाऊक आहे' एवढे सांगून तो दावा जिंकता आला नसता. संस्कृत ग्रंथ आणि छापील संशोधन असे लेखी पुरावे सादर झाले, तेव्हा १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. लोकज्ञानाचा मान राखला गेला तोही लेखी नोंदीमुळेच. मात्र किरकोळ जखमेवर उपयोगी पडणारी हळद सर्पदंशावर लावून रात्र काढणे, हा हळदीचा सन्मान नव्हे.

या विषयाला अहिंसेचीही एक बाजू आहे. विचित्र उपचारांचा सर्वांत मोठा भार मुक्या प्राण्यांनी वाहिला आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या खवल्या मांजराचे खवले केवळ औषधी समजुतीपोटी चोरट्या मार्गाने परदेशी जातात. वास्तविक ते खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर संपूर्ण बंदी आहे. घोरपडीचे तेल, मांडूळ, गेंड्याचे शिंग या सर्वांची कथा तीच. या संदर्भात जैन परंपरेतील एका ग्रंथाचे स्मरण अगत्याचे आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट काळात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला. त्यातील औषधयोजनेत मद्य, मांस आणि मध वर्ज्य आहेत. औषधातही मांस अनावश्यक आहे, याचे प्रतिपादन आचार्यांनी अमोघवर्ष राजाच्या सभेत केल्याचे त्यात नमूद आहे. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला. सर्वत्र मान्य असलेल्या उपचारालाही 'हे खरोखर आवश्यक आहे काय?' असे सभेत उभे राहून विचारता येते, हा त्या प्रसंगाचा आजच्यासाठी बोध आहे.

हाच प्रश्न विसाव्या शतकात सातारच्या एका सुपुत्राने महाराष्ट्राला विचारला. १९४५ साली साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि कायद्यासाठी प्रदीर्घ लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. ही तरतूद भक्तीवर बंधन घालीत नाही. रुग्णालयाच्या वाटेत देवाचे नाम घेण्यास कोणाचीच हरकत नाही. वाट अडविण्यास आहे.

कायदा झाला, तरी प्रश्न संपला असे नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतांश खेड्यांतील. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. जावळी तालुक्याची भूमी डोंगराळ, पावसाळा मुसळधार. शिवसागर जलाशयापलीकडच्या वाडीवर रात्री मण्यार चावली, तर लाँचने बामणोलीस यायचे आणि मग घाटाचा रस्ता धरायचा. मण्यारीचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास मंदावतो. अशा वेळी भगताच्या दारात घालविलेला एक तास कोणत्याही भांडवलाने विकत घेता येत नाही. भगत लबाडच असतो असे नव्हे. कित्येक जण एक पैसाही न घेता, सेवा म्हणून हे करतात. परंतु निर्मळ हेतूमुळे विष उतरत नाही.

तेव्हा चार साध्या गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. साप चावल्यास आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये; अंगठी, बांगड्या काढून चावलेला अवयव न हलविता तडक रुग्णालय गाठावे. विंचू चावलेल्या मुलाला घाम, वांती किंवा हातपायांना गारठा जाणवला, तर क्षणाचाही विलंब करू नये. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. पोटातील चौदा इंजेक्शनांचा काळ केव्हाच संपला, आता ती दंडावर देतात. आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक पाठ असावा.

बाजारपेठेतील आपल्या समाजबांधवांकडे आणखी एक अनमोल साधन आहे. वाडीवस्तीवरून खरेदीस येणारा माणूस दुकानाच्या पायरीवर विसावतो, सुखदुःख सांगतो आणि सल्लाही विचारतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून जमलेला हा विश्वास आहे. 'आधी दवाखाना, मग बाकी सारे' हे त्याच्याशी उपहास न करता, आपुलकीने बोलले गेले पाहिजे. अडल्या वेळी कोणाच्या दारातील गाडी बाहेर निघाली, तर तेही मोठे जीवदयेचे कार्य होईल.

मांजरपाटाचा असो वा रेशमाचा, तागा उलगडून, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय शहाणा ग्राहक कापड घेत नाही. दोन दिवसांत विटणाऱ्या वस्त्रासाठी एवढी पारख केली जाते, तर पुन्हा न मिळणाऱ्या मनुष्यदेहासाठी ती केली जावी, एवढीच या विषयाच्या निमित्ताने सर्वांना विनंती.

जय जिनेंद्र!